मिनास तिरिथ

मिनास तिरिथ : जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) या इंग्रज लेखकाच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४–५५) या कादंबरीतील गोंडोर या राज्याची राजधानी. नाव सिंदारिन या टॉल्किनने रचलेल्या भाषेतले. अर्थ 'पहाऱ्याचा बुरूज'. कादंबरीच्या तिसऱ्या खंडाचे पहिले प्रकरण याच नावाचे आहे आणि शहराची बरीचशी माहिती तिथेच मिळते. ती ज्याच्या नजरेतून मिळते तो हॉबिट या बुटक्या जमातीतला पिपिन परदेशी आणि बहुतेक वेळ भुकेला असतो. त्यामुळे या राजधानीच्या तटबंदीइतकीच तिच्या जेवणाच्या वेळांचीही नोंद झाली आहे.

इतिहास : शहर दुसऱ्या युगाच्या अखेरीस वसले तेव्हा राजधानी म्हणून वसलेच नव्हते. राजधानी होती आंडुइन नदीवरचे ओस्गिलियाथ. नदीच्या दोन्ही अंगांना, डोंगराच्या कुशीत, दोन भावांनी एकेक गड बांधला : पूर्वेस इसिल्दूरचा मिनास इथिल (उगवत्या चंद्राचा मनोरा), पश्चिमेस अनारियनचा मिनास अनोर (मावळत्या सूर्याचा मनोरा). पुढे तिसऱ्या युगात यादवीत ओस्गिलियाथ जळले, १६३६ साली महामारीने माणसे गेली, आणि १६४० मध्ये तारोंदोर राजाने आपले बिऱ्हाड कायमचे मिनास अनोरला हलवले. २००२ मध्ये पूर्वेकडचा गड शत्रूच्या हाती पडला. समोरचाच गड वैऱ्याचा झाल्यावर सूर्याच्या मनोऱ्याला पहाऱ्याचा बुरूज व्हावे लागले. नाव बदलले ते असे. या शहराची थोरवी एकेका पडझडीतून वाढत गेली, आणि तिथल्या माणसांच्या बोलण्याचालण्यात ती जाणीव सतत आहे.

२०५० मध्ये एअर्नूर राजा शत्रूचे आव्हान स्वीकारून गेला तो परतलाच नाही. वारस नव्हता. तेव्हापासून वंशपरंपरागत कारभारी राज्य पाहू लागले. ते एकंदर सव्वीस झाले. शेवटचा दुसरा डेनेथोर. मराठी वाचकाला इथे पेशवे आठवतील, पण साताऱ्याला छत्रपती होते. इथे सिंहासन साडेनऊशेहून अधिक वर्षे रिकामे होते. कारभारी त्याच्यावर कधी बसले नाहीत. पायऱ्यांच्या तळाशी काळ्या दगडाची एक साधी खुर्ची ठेवून तिथून त्यांनी राज्य केले.

रचना : मिंडोलुइन पर्वताच्या एका सोंडेवरच्या टेकडीत सात टप्पे खोदून हे शहर बसवले आहे. प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र तट आणि प्रत्येक तटाला एक दरवाजा. दरवाजे एका ओळीत नाहीत. सर्वांत खालचे महाद्वार पूर्वेला, त्यावरचा आग्नेयेकडे, त्यावरचा ईशान्येकडे, असे ते आलटून पालटून आहेत. वर जाणारी फरसबंद वाट त्यामुळे डोंगराच्या अंगावर मागेपुढे वळत चढते. पहिला टप्पा सोडला तर वरचे सगळे टप्पे चिरत जाणारा एक प्रचंड सुळका पूर्वेकडे, जहाजाच्या नाळेसारखा, पुढे आलेला आहे. वाट महाद्वाराच्या रेषेवर आली की दर वेळी त्याच्या पोटातल्या कमानदार बोगद्यातून पलीकडे जाते. सुळक्याच्या टोकावर उभे राहिले तर महाद्वार थेट खाली सातशे फुटांवर दिसते. गडकोटांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ही आडवळणाची वाट का, हे समजावून सांगावे लागणार नाही. मात्र रोज पाणी, लाकूडफाटा, धान्य वर नेणाऱ्यांचे काय होत असेल, हा प्रश्न या रचनेची स्तुती करणारे क्वचितच विचारतात.

सगळे शहर पांढरे, ही समजूत चुकीची आहे. सर्वांत बाहेरचा तट काळ्या, कठीण, कशालाही दाद न देणाऱ्या दगडाचा आहे. आतले मात्र पांढरे.

वस्ती : खालच्या टप्प्यातल्या एका रस्त्याचे नाव ठाऊक आहे : राथ केलेर्दाइन, म्हणजे दिवे करणाऱ्यांची आळी. महाद्वाराकडे जाणारा हा रुंद रस्ता आहे आणि त्यावरच जुनी धर्मशाळावजा इमारत, 'ओल्ड गेस्टहाउस', लागते. युद्धाच्या तोंडावर बायका, मुले आणि म्हातारी माणसे गाड्यांत बसवून दक्षिणेकडच्या खोऱ्यांत पाठवली गेली, तेव्हा मागे राहिलेली थोडी पोरे याच रस्त्यावर हुंदडताना दिसतात. बेरेगोंद नावाच्या पहारेकऱ्याचा दहा वर्षांचा मुलगा बेर्गिल त्यांत आहे. पिपिन परका आणि आपल्याच उंचीचा दिसताच तो आधी भांडण उकरतो, मग दोस्ती करतो. कादंबरीभर या शहरातली इतकी साधी घटना दुसरी नाही.

दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतच्या टप्प्यांबद्दल लेखक जवळजवळ गप्प आहे. बाजारपेठ वाचकाला दिसत नाही. दिसतात ते मोठमोठे वाडे, त्यांच्या दारांवर जुन्या वळणाच्या अक्षरांत कोरलेली घराण्यांची नावे, आणि आत कोणी नाही. जितकी माणसे इथे सुखाने राहू शकली असती, त्यांच्या निम्मीच राहत होती.

सहाव्या टप्प्यावर कारभाऱ्याच्या जासूदांचे घोडे आणि त्यांची बिऱ्हाडे आहेत. निरोप घेऊन केव्हाही निघता यावे म्हणून वरच्याच टप्प्यावर सोय. इथेच आरोग्यशाळा आहेत. त्यांच्याभोवतीची बाग ही शहरातली एकमेव बाग. गोंडोरचे वैद्यक नावाजलेले, पण त्याची परीक्षा झाली ती एका सामान्य पाल्यावरून. आथेलास ही वनस्पती मागितल्यावर वनौषधींच्या प्रमुखाने तिची सगळ्या भाषांतली नावे आणि तिच्यावरची जुनी गाणी ऐकवली. ती कोठीत मात्र नव्हती. तिथली सर्वांत वयस्कर परिचारिका आयोरेथ ही दुसऱ्या टोकाची : तोंडाचा पट्टा अखंड चालू, पण राजाचे हात म्हणजे वैद्याचे हात, हे जुने लोकज्ञान लक्षात होते ते तिच्याच. पुढे राज्याभिषेकाच्या गर्दीत गावाकडून आलेल्या नातलग बाईला ती सगळी हकिगत आपल्या पदरच्या भरीसह सांगते. माझ्या मते या शहराची सर्वांत जिवंत रहिवासी तीच.

याच टप्प्याच्या मागच्या तटात फेन होल्लेन, 'बंद दार', आहे. ते केवळ अंत्ययात्रेसाठी उघडते. पलीकडे राथ दीनेन, मूक रस्ता, डोंगराच्या पोटाशी राजांच्या आणि कारभाऱ्यांच्या समाध्यांकडे उतरतो.

सातवा टप्पा म्हणजे बालेकिल्ला. आत कारंज्याचा चौक आणि त्यात वठलेले पांढरे झाड. ते २८७२ मध्ये मेले. नवे रोप मिळेना, म्हणून जुनेच उभे ठेवले गेले. त्याच्या फांद्यांवरून पाणी निथळत असते. मागचा पांढरा मनोरा कालिमेह्तार राजाने १९०० मध्ये बांधला आणि २६९८ मध्ये पहिल्या एक्थेलिऑन या कारभाऱ्याने पुन्हा उभारला. त्याची उंची तीनशे फूट. त्यावरचे निशाण खालच्या मैदानापासून हजार फुटांवर फडकते. बालेकिल्ल्याच्या पहारेकऱ्यांचा वेश काळा, छातीवर पांढरे झाड, शिरस्त्राणाला समुद्रपक्ष्याचे पंख.

दैनंदिन जीवन : वेळ घंटेवर चालते आणि तास सूर्योदयापासून मोजतात. पिपिन डेनेथोरच्या भेटीनंतर बाहेर पडतो तेव्हा तीन टोले पडतात. त्याच्या हिशेबाने ते सकाळचे नऊ, म्हणजे न्याहारीची वेळ. इथे मात्र न्याहारी उजाडण्यापूर्वीच उरकलेली असते. दुपारी सवडीप्रमाणे थोडे खाणे आणि सूर्यास्ताच्या सुमारास सगळ्यांनी मिळून घ्यायचे मुख्य जेवण. असेल तो हास्यविनोद तेव्हाच. बेरेगोंद त्याला कोठीवर नेऊन भाकरी, लोणी, चीज, हिवाळ्यातली सुरकुतलेली पण गोड सफरचंदे आणि ताजी एल मिळवून देतो. डेनेथोरच्या दालनात वाइन आणि पांढरे केक येतात. टॉल्किनने १९६७ च्या एका पत्रात हे शहर साधारण फ्लॉरेन्सच्या अक्षांशावर असल्याचे म्हटले आहे. पण पहारेकऱ्यांचे ताट पाहिले तर ते इंग्लंडातल्या एखाद्या खेड्यातलेच वाटते.

भाषा हा इथल्या दरबारी वागण्याचा कणा. सगळे वेस्ट्रन ही व्यवहाराची बोली बोलतात. थोर घराण्यांत सिंदारिन येते. गोंडोरच्या वेस्ट्रनमध्ये 'तू' आणि 'आपण' असा भेद टिकून होता. हॉबिटांच्या गावंढळ बोलीतून 'आपण' केव्हाच गळाले होते. परिणाम असा, की पिपिन खुद्द डेनेथोरलाही अरे-तुरेच करतो. टॉल्किन परिशिष्टात सांगतो, की वृद्ध कारभाऱ्याला याची गंमत वाटली असेल, नोकर मात्र थक्क झाले असणार. आणि हा आपल्या देशात कोणी फार मोठा असला पाहिजे, या अफवेला त्यामुळे जोर चढला असावा. लोक त्याला 'हाफलिंगांचा' (म्हणजे हॉबिटांचा) 'राजपुत्र' म्हणू लागले. इंग्रजीत आज दिसेनासा झालेला हा विनोद मराठी वाचकाला एका क्षणात कळतो.

परिसर : तटाबाहेर पेलेन्नोर ही सुपीक शिवारे. नांगरट, फळबागा, गोठे, मेंढवाडे, धान्याची कोठारे, हॉप्स वाळवण्याच्या भट्ट्या आणि आंडुइनकडे धावणारे ओहोळ. या सगळ्याला वेढणारी भिंत म्हणजे राम्मास एखोर. आग्नेयेला नदीवर हार्लोंद हा धक्का. शेतकरी आणि गुराखी मात्र जमिनीच्या मानाने थोडे.

युद्ध आणि नंतर : मार्च ३०१९ मधल्या वेढ्यात राम्मास फुटली, पहिला टप्पा जळाला आणि १५ तारखेला पहाटे महाद्वार कोसळले. त्याच घटकेला शहरात कुठेतरी एक कोंबडा आरवला. युद्धाशी त्याला काही देणेघेणे नव्हते. १ मे रोजी जुन्या राजवंशाचा वंशज अरागॉर्न याचा राज्याभिषेक झाला. पर्वतावर सापडलेले पांढऱ्या झाडाचे रोप चौकात लागले. गिम्ली या ड्वार्फने शहरात शिरताच दगडकामाला नावे ठेवली होती (जुने काम चांगले, नंतरचे तितके नाही), तर लेगोलास या एल्फला झाडे फार कमी वाटली होती. दोघांचेही पुढे ऐकले गेले. महाद्वार मिथ्रिल या धातूत आणि पोलादात नव्याने घडवले गेले, रस्त्यांवर पांढरा संगमरवर आला, झाडे आणि कारंजी आली, आणि रिकामी घरे भरली.

चित्रपट : पीटर जॅक्सनच्या २००३ च्या चित्रपटासाठी न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळच्या ड्राय क्रीक खाणीत शहराचा काही भाग प्रत्यक्ष उभारला गेला, तोही 'हेल्म्स डीप' या आधीच्या गडाच्या सेटवरच फेरफार करून. संपूर्ण शहराची प्रतिकृती १:७२ या प्रमाणात वेटा वर्कशॉपने केली. आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ते हेच शहर : बाहेरचा तटही पांढरा, आणि तटाखाली क्षितिजापर्यंत नुसते गवत. चित्रपट आधी पाहिलेला वाचक पुस्तक उघडतो तेव्हा त्याला त्या मैदानात अचानक गोठे आणि फळबागा लागतात, आणि इतकी वर्षे हे लोक काय खात होते, याचा उलगडा होतो.