अन्ननलिकेतील शिरा बांधल्यानंतर जठराच्या अस्तराचे काय होते?

अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी झालेला रुग्ण एंडोस्कोपीद्वारे त्या रबरी कड्यांनी बांधून घरी परततो, तेव्हा धोका टळल्यासारखे कुटुंबाला वाटते. मूळ कारण मात्र तसेच असते. जठर, आतडी व प्लीहेचे रक्त यकृताकडे नेणाऱ्या पोर्टल शिरेतील दाब यकृत कठीण झाल्याने वाढलेला असतो. शिरा बांधल्याने तो उतरत नाही. वरची वाट बंद झाली की काही रुग्णांत रक्त जठराच्या अस्तरात तुंबते.

दुर्बिणीतून असे अस्तर सापाच्या कातीसारखे दिसते. विकार बळावल्यास त्यावर लाल ठिपके उमटतात. ही जठराची साधी दाहविकृती नसून रक्तसंचय आहे, असे ब्रिटिश डॉक्टरांनी १९८५ मध्ये ‘गट’ या नियतकालिकात मांडले. केवळ पित्ताच्या गोळ्या येथे पुरत नाहीत, त्या यामुळेच. दाब कमी करणारे प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध डॉक्टर देतात. शिरा बांधल्यावर नव्याने झालेला हा बदल पुष्कळदा आपोआप ओसरतो. आधीपासूनचा असेल तर तो टिकतो आणि रक्त हळूहळू झिरपत राहते. उलटी होत नाही, फक्त थकवा वाढतो, हिमोग्लोबिन घटते, शौच डांबरासारखे काळे होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, त्यामुळे ही खूण हमखास दुर्लक्षिली जाते. हुबळीचा कोप्पीकर रोड असो वा पणजीचा बाजार, अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेली आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅकची गोळी अशा रुग्णाला घातक ठरू शकते.

खुल्या शस्त्रक्रियांचे परिणाम निराळे. जपानमधील सुगिउरा यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत जठराच्या वरच्या भागाकडील व अन्ननलिकेकडील शिरा तोडून प्लीहा काढतात. रक्तस्राव थांबतो, पण पोर्टल दाब पुरता उतरत नसल्याने अस्तराचा प्रश्न उरू शकतो. शंट शस्त्रक्रियेत रक्ताला यकृत टाळून जाणारी वाट दिली जाते. दाब उतरतो, अस्तरही बहुधा सुधारते. मात्र यकृताने गाळायचा अमोनिया थेट मेंदूपर्यंत पोहोचून गुंगी व भ्रम होण्याची भीती असते; यकृत आधीच खंगलेल्या रुग्णात ती अधिक. पोर्टल शिराच बुजलेल्या मुलांचे यकृत सहसा धड असते, म्हणून त्यांच्याबाबत शल्यविशारद शंटचा विचार अधिक मोकळेपणाने करतात.