एन्रॉन ते मोफत वीज: महाराष्ट्राच्या निवडणुकांतले विजेचे धोरण

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. त्यानंतरची तीन दशके राज्यातल्या निवडणुकांत विजेवरून वाद नव्हता. चढाओढ होती ती श्रेयाची. गावात खांब कोणी आणले, डीपी कोणाच्या शब्दावर बसली, विहिरीपर्यंत तार कोणाच्या काळात पोचली, एवढ्यावर प्रचार भागत असे. सत्तरच्या दशकात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू झाली. मोटार दोन तास चालो की दहा, बिल तेवढेच. ही सवलत काढून घेण्याचे बळ पुढे कोणत्याच मोठ्या पक्षात दिसले नाही. त्या मोटारी नेमकी किती वीज ओढतात हे मोजले जात नसल्याने चोरीची आणि गळतीची वीजही शेतीच्या खात्यावर दाखवण्याची सोय झाली.

वीज हा खऱ्या अर्थाने निवडणुकीचा वाद बनला तो १९९५ साली, आणि त्याचे कारण होते एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प. १९९१ मध्ये केंद्र सरकारने वीजनिर्मिती खासगी व परदेशी भांडवलाला खुली केली. जून १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीची माणसे मुंबईत आली आणि २० जूनला विद्युत मंडळाशी सामंजस्य करार होऊनही गेला. निविदा मागवल्या गेल्या नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूरच्या पठारावर २,०१५ मेगावॉटचा प्रकल्प उभा राहायचा होता: पहिला टप्पा ६९५ मेगावॉटचा, तर दुसरा आयात केलेल्या द्रवरूप वायूवर चालणारा. प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के होता. जागतिक बँकेने १९९३ मध्ये कर्ज नाकारले. तरी ८ डिसेंबर १९९३ रोजी, शरद पवार मुख्यमंत्री असताना, वीजखरेदी करार झाला. राज्याने हमी दिली आणि केंद्राने त्यावर प्रतिहमी दिली.

प्रचारात दोन्ही बाजूंची मांडणी ठळक होती. काँग्रेसचे म्हणणे असे की उद्योग वाढवायचे तर वीज हवी, मंडळाकडे पैसा नाही, तेव्हा परदेशी भांडवलाला पर्याय नाही. शिवसेना-भाजप युतीच्या मते हा करार महागडा, गुपचूप केलेला आणि संशयास्पद होता. गोपीनाथ मुंडे यांनी एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली आणि तीच लोकांच्या लक्षात राहिली.

कराराचे मर्म मात्र व्यासपीठावर फारसे आले नाही. ते दराच्या रचनेत होते. विजेच्या दराचे दोन भाग होते: एक इंधनाचा, दुसरा स्थिर आकाराचा. संच चालण्यास सज्ज असला की स्थिर आकार द्यायचाच, मग मंडळाने वीज उचलो वा न उचलो. यातला बराच भाग डॉलरशी बांधलेला होता, म्हणजे रुपया घसरला की दर आपोआप चढणार. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेचे गिरीश सन्त आणि शंतनू दीक्षित यांनी ही आकडेमोड करून दाखवली होती. सभेत टाळ्या घेणारा हा विषय नव्हे, त्यामुळे एका बाजूने टंचाईचे आणि दुसरीने भ्रष्टाचाराचे बोट धरले. कराराची गुप्तता दोघांच्याही सोयीची ठरली, कारण ज्याचा मजकूरच लोकांपुढे नाही त्याच्याबद्दल काहीही सांगता येते.

मार्च १९९५ मध्ये काँग्रेस २८८ पैकी ८० जागांवर घसरली. शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, तर मुंडे उपमुख्यमंत्री. मुंडे यांच्याच अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ उपसमितीच्या अहवालावरून ३ ऑगस्टला जोशींनी विधानसभेत प्रकल्प रद्द केल्याची घोषणा केली. कंपनी लंडनमध्ये लवादाकडे गेली. सरकारने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला आणि त्यात लाचखोरी व फसवणुकीचे आरोप केले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एन्रॉनच्या रिबेका मार्क यांनी ‘मातोश्री’वर बाळासाहेब ठाकरे यांची भेट घेतली. त्यानंतर काही दिवसांतच किरीट पारीख यांच्या अध्यक्षतेखाली फेरवाटाघाटींची समिती नेमली गेली.

जानेवारी १९९६ मध्ये नवा करार जाहीर झाला, तेव्हा दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आणल्याचे सांगण्यात आले. हा मोठा विजय म्हणून मांडला गेला. बारकाईने पाहिले तर चित्र वेगळे होते. द्रवरूप वायूचे पुन्हा वायूत रूपांतर करणारी यंत्रणा प्रकल्पखर्चातून बाजूला काढली होती आणि डॉलरचा भाव स्थिर धरला होता. शिवाय मूळ करारात दुसरा टप्पा घेणे मंडळाच्या मर्जीवर होते. नव्या करारात तो बंधनकारक झाला आणि एकूण क्षमता २,१८४ मेगावॉटवर गेली. म्हणजे ज्यांनी प्रकल्प बुडवायचा शब्द दिला, त्यांनीच तो मोठा करून राज्याच्या गळ्यात बांधला. केंद्रातल्या वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने २७ मे १९९६ रोजी, पायउतार होण्याच्या तोंडावर, प्रतिहमीलाही मंजुरी दिली. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कराराविरुद्धची याचिका फेटाळली, पण सरकारच्या घूमजावावर ताशेरे ओढायला ते विसरले नाही.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत एन्रॉनवर कोणी फार बोलले नाही, आणि ते साहजिकच होते: एकाने करार केला होता, दुसऱ्याने तो वाढवला होता. महाग वीज मंडळ कमी उचलू लागले. कमी उचल म्हणजे तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर पडणार, आणि म्हणून २००० साली काही महिन्यांत दर प्रतियुनिट ७ रुपयांच्या वर गेला. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. माधव गोडबोले समितीने आधीच्या सर्वच सरकारांच्या कारभारावर बोट ठेवले. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे निघाले. २००५ मध्ये हा प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे गेला.

पुढची मोठी लढाई किमतीवरून नव्हती, मोफत देण्यावरून होती. मे २००४ मध्ये आंध्र प्रदेशात वाय. एस. राजशेखर रेड्डी शेतकऱ्यांना मोफत विजेच्या आश्वासनावर सत्तेवर आले. इकडे शिवसेनेनेही मोफत विजेचा शब्द दिला होता, तेव्हा सुशीलकुमार शिंदे यांच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने निवडणुकीआधीच शेतीपंपांची वीज मोफत करून टाकली. विरोधकांच्या हातातला मुद्दा असा काढून घेतल्यावर दोन आघाड्यांत फरक उरला तो फक्त ‘दिली’ आणि ‘देऊ’ एवढाच. काँग्रेस-राष्ट्रवादी पुन्हा जिंकले, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि २००५ मध्ये ही सवलत मागे घेण्यात आली. २००३ च्या वीज कायद्यानुसार सवलतीची रक्कम सरकारला वीज कंपनीला आगाऊ द्यावी लागते, आणि तिजोरीत तेवढी ऐपत नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये मंडळाचे महानिर्मिती, महापारेषण, महावितरण असे तुकडे झाले. ग्रामीण भागात तासन् तास भारनियमन सुरू होते. मोफत असो वा विकत, वीज मुळात आलीच नाही तर त्या घोषणेचा उपयोग काय, हा सवाल शिवारात ऐकू येत होता.

कोकणात वाद निर्मितीच्या जागेचा राहिला. जैतापूरच्या ९,९०० मेगावॉटच्या नियोजित अणुप्रकल्पाला शिवसेनेने कडवा विरोध केला, तर युतीतला भाजप अणुविजेच्या बाजूने होता. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पावरूनही हेच झाले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर युती टिकवण्यासाठी त्या जागेची अधिसूचना रद्द करावी लागली.

२०२४ मध्ये महायुती सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना’ पाच वर्षांसाठी जाहीर केली. विधानसभेच्या प्रचारात महायुतीने वीजबिलात ३० टक्के कपातीचे वचन दिले. महाविकास आघाडीने ३०० युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या घरांना १०० युनिट माफ करण्याचे म्हटले. पहिल्या वचनात सगळेच ग्राहक येतात, दुसऱ्यात कमी वापर करणारे. मात्र दर ठरवण्याचा अधिकार राज्य वीज नियामक आयोगाकडे असल्यामुळे मंत्रिमंडळ स्वतः दर उतरवू शकत नाही. त्याच्या हातात उरते अनुदान, नाहीतर स्वस्त वीज मिळवण्याची व्यवस्था. दुसऱ्या मार्गासाठी सरकार शेतीच्या वाहिन्यांना सौरवीज देणाऱ्या योजनेकडे बोट दाखवत होते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत गावाजवळच्या उपकेंद्राला जोडून सौर प्रकल्प उभारतात, आणि त्यातून शेतीला दिवसा वीज मिळणे अपेक्षित असते.