तुपाच्या पागोळ्या

कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य जंतू वाढवायचा मीडिया बनवण्यात गेलं. डब्यातली पावडर तोलायची, पाण्यात विरघळवायची, ऑटोक्लेव्हला लावायची. "काका, पावडर नव्हती तेव्हा जंतू कशावर वाढवायचे?" असं एखादी मुलगी विचारायचीच. "बोकडाच्या रश्श्यावर," मी म्हणायचो, "वर तूप सोडून." वर्गभर हशा.

थट्टा नव्हती. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन त्यावर लस शोधायला येऊन दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली, एक बोळ, एक कारकून आणि तीन शिपाई. बाटल्या कोणी धुतल्या असतील, ते मला सांगायला नको!

लस टोचायची ती हिंदू-मुसलमानांच्या दंडात. म्हणून गाय नको, डुक्कर नको. हाफकिननी बोकडाचं मांस हायड्रोक्लोरिक आम्लात पचवून रस्सा केला आणि त्यावर तुपाचे नाहीतर खोबरेल तेलाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली वाढत, वळचणीच्या पागोळ्यांसारखे. बाटली अगदी स्थिर हवी. जरा धक्का लागला की पागोळ्या तुटून तळाला. मग त्या मुद्दामच हलवून पाडायच्या, की वर नव्या धरतात. असे आठवडे काढल्यावर सगळं तापवून जंतू मारायचे आणि वर कार्बोलिक आम्ल. 10 जानेवारी 1897 ला हाफकिननी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. कैदी राजीखुशीने पुढे आले म्हणतात. तुरुंगातली राजीखुशी ती.

1899 मध्ये प्रयोगशाळा परळला जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. आजची हाफकिन संस्था तीच.

मला मात्र मुळकोवाल विसरता येत नाही. पंजाबातल्या या गावात 1902 च्या ऑक्टोबरात एकाच बाटलीतली लस घेतलेली 19 माणसं धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिनवर आला, आणि तो पुसला जायला 1907 उजाडलं. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. कार्बोलिकमध्ये नुसता बुडवून त्याच चिमट्याने बूच काढलं गेलं.

माझ्या टेबलावर चिमटा पडला, की मी तो उचलू देत नसे. आधी दुसरा आणायला लावायचो.