‘नीस’-अंती आडनावे

चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस, जमेनीस, खासनीस यांसारखी, शेवटी ‘नीस’ किंवा ‘णीस’ असलेली मराठी आडनावे. मूळ फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. ही माणसे दफ्तरात बसून लिहीत असत. काय लिहीत, ते शब्दाच्या पहिल्या भागावरून कळते.

चिठ्ठीपत्री लिहिणारा तो चिटणीस, फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवणारा पोतनीस, जमेची बाजू लिहिणारा जमेनीस. किल्ल्यावर हजेरीपट सबनिसाकडे आणि धान्य-दारूगोळ्याची कोठारे कारखानिसाकडे असत. ‘फडणीस’ काही जण फड म्हणजे कचेरी या शब्दावरून लावतात. पण यादी या अर्थाच्या ‘फर्द’वरून झालेला ‘फर्दनवीस’ अधिक पटतो. परका फर्द बोलताबोलता ओळखीच्या फडाशी जुळला असावा.

उच्चारातही मराठी जिभेचे काम दिसते. ‘नवीस’मधला व बहुतेक ठिकाणी गळाला, ‘फडणवीस’मध्ये तेवढा राहिला. आधी ट किंवा ड आला तिथे न चा ण झाला: चिटणीस, फडणीस. सबनीस, पोतनीस यांत तो न च राहिला.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी पदांना संस्कृत नावे दिली. मजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत झाला. तरीही मजुमदार, सुरनीस, वाकनीस, डबीर ही आडनावे आजही घराघरांत आहेत. दरबाराने बदललेला शब्द घराण्यांनी जपला, आणि म्हणूनच ही आडनावे मराठी राज्यकारभाराचा फार मोलाचा पुरावा आहेत.

पद वंशपरंपरेने चालत गेले की हुद्दा हेच आडनाव होई आणि मूळ आडनाव मागे पडे. ठळक उदाहरण नाना फडणवीस (१७४२–१८००) यांचे. त्यांचे नाव बाळाजी जनार्दन, आडनाव भानू, घराणे कोकणातले. पेशव्यांची फडणिशी आजोबांपासून घरात होती. वाईजवळ मेणवलीला त्यांचा वाडा कृष्णेच्या घाटावर अजून उभा आहे; पण तिथे ‘भानूंचा वाडा’ म्हणून कोणी विचारत नाही.

आडनाव हुद्द्याचे असल्याने त्यावरून जात ठरवू नये. चिटणीस चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंत आहेत तसे ब्राह्मणांतही. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी पहिल्या ज्ञातीतले. त्यांच्याच वंशातल्या मल्हार रामरावांनी पुढे बखर लिहिली.

पोतनीस, पारसनीस हे हुद्दे संपले, आडनावे उरली. चिटणिसाचे मात्र दोन्ही टिकले. पक्षाला, कामगार संघटनेला सरचिटणीस लागतोच, आणि गणेश मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर अध्यक्ष, खजिनदार यांच्या शेजारी ‘चिटणीस’ अशी सहीची जागा अजून छापलेली असते.