मल्लखांब : आखाड्यातून राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेपर्यंत

चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. आज मैदानावर दिसणाऱ्या मल्लखांबाची सलग परंपरा मात्र सुरू होते ती दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांपासून. निजामाच्या मुलुखातून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचे आव्हान त्यांनी सप्तशृंगी देवीच्या आशीर्वादाने स्वीकारले, ही आख्यायिका आखाड्यांतून आजही सांगितली जाते. त्यांनी घडवलेली शिष्यपरंपरा हे त्यांचे खरे कार्य. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि बाजीराव ब्रह्मावर्ताला गेले. राजाश्रय असा संपत आला, तरी या शिष्यांनी काशी, बडोदे अशा ठिकाणी मल्लखांब जिवंत ठेवला.

विसाव्या शतकात आखाड्यांच्या जोडीला व्यायामसंस्था उभ्या राहिल्या. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ 1924 मध्ये, तर दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर 1925 मध्ये स्थापन झाले. पूर्वी गुरूकडून शिष्याकडे तोंडी जाणारे ज्ञान आता छापले जाऊ लागले. बडोद्याहून निघालेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे हे ऋण फार मोठे आहे. 1936 मध्ये अमरावतीच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. मल्लखांब तेव्हाच युरोपने पाहिला.

प्रात्यक्षिक हाच शब्द पुढे कित्येक वर्षे मल्लखांबाला चिकटून राहिला. जयंत्या, मेळावे, संचलने अशा प्रसंगी मनोऱ्यांना टाळ्या पडत. स्पर्धात्मक खेळ म्हणून कागदोपत्री स्थान मात्र नव्हते, आणि त्याविना ना अनुदान, ना प्रमाणपत्राला किंमत. 1958 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांब दाखवला गेला आणि 1962 मध्ये ग्वाल्हेरच्या स्पर्धेत त्याचा समावेश झाला. या खेळाची राष्ट्रीय पातळीवरची ही पहिली पायरी होती. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात जिम्नॅस्टिक्सच्या छत्राखालची ही जागाही गेली. काही वर्षे खेळाडूंना राष्ट्रीय स्पर्धाच उरली नाही. अखेर जानेवारी 1981 मध्ये उज्जैनच्या कार्यकर्त्यांनी पुढाकार घेऊन मल्लखांबाची स्वतंत्र अखिल भारतीय स्पर्धा भरवली. मल्लखांबाच्या राष्ट्रीय महासंघाच्या उभारणीला तेथूनच बळ मिळाले.

यानंतरचे काम डोळ्यांत भरणारे नव्हते, पण मान्यतेचा पाया त्यानेच घातला. ते काम म्हणजे नियमांचे लेखन. सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, खाली जाड आणि वर निमुळता होत जाणारा, मान व बोंड असलेला, जमिनीवर सुमारे अडीच मीटर उंच खांब. त्यावर चोळलेले एरंडेल. दीड मिनिटाच्या आत संपवायचा संच. खेळाडू सलामी देतो, उडी घेतो, तेढी मारून खांबाला बिलगतो; मग दसरंग, सुईदोरा, फरारे आणि बोंडावरचा ताजवा. यांतील कोणत्या कौशल्याची काठिण्यपातळी किती, पकड सुटली तर गुण किती जावेत, हे सर्व पंचांना एकसारखे मोजता यायला हवे होते. दोरीच्या मल्लखांबावर पायाचा अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्या चिमटीत दोर धरून मुली वर चढतात. ती चिमटही गुणपत्रिकेत बसवावी लागली. उजळणी वर्ग आणि पंच परीक्षा यांमागे संध्याकाळच्या संध्याकाळ देणारे शेकडो शिक्षक होते. त्यांतील बहुतेक जण नोकरी सांभाळून विनामोबदला शिकवत. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरातील उदय देशपांडे हे त्या पिढीचे ठळक नाव. अंध व दिव्यांग मुलांपर्यंत आणि परदेशी विद्यार्थ्यांपर्यंत त्यांनी हा खेळ नेला.

मान्यता उशिरा आली, पण आली तेव्हा एकापाठोपाठ एक आली. 2013 मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्य क्रीडाप्रकाराचा दर्जा दिला. फेब्रुवारी 2019 मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि तीत 15 देशांचे खेळाडू उतरले. 2020 हे वर्ष तर निर्णायक ठरले. खेळाडूंसाठीच्या केंद्रीय नोकरभरतीत ग्राह्य धरल्या जाणाऱ्या क्रीडाप्रकारांची यादी 43 वरून 63 झाली आणि तीत मल्लखांब आला. त्याच वर्षी उज्जैनचे योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. डिसेंबरमध्ये गटका, कलरीपयट्टू आणि थांग-ता यांच्यासोबत मल्लखांबाला खेलो इंडिया युवा स्पर्धेत प्रवेश मिळाला. साहित्य, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्ती यांसाठी सरकारी निधीची वाट त्यामुळे मोकळी झाली. गावोगावच्या व्यायामशाळांच्या दृष्टीने या निर्णयाचे मोल कोणत्याही पुरस्काराहून अधिक आहे.

2022 मध्ये सागर ओव्हळकर हे अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले आणि त्याच वर्षी गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मल्लखांबाची पदके प्रथमच दिली गेली. 2024 मध्ये उदय देशपांडे यांना पद्मश्री जाहीर झाली. खेळाचा नकाशाही आता विस्तारला आहे. तमिळनाडूतील विळुपुरम आणि छत्तीसगडमधील अबुझमाड येथील मुले महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या संघांना कडवी लढत देतात.

मिळालेले स्थान टिकवण्यासाठीही जागरूक राहावे लागते. 2025 च्या उत्तराखंड राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मल्लखांब सुरुवातीला केवळ प्रदर्शनीय प्रकार म्हणून जाहीर झाला होता. स्पर्धा तोंडावर आली असताना हा निर्णय बदलला, मल्लखांब पदकांच्या यादीत परतला आणि खेळाडू पदकांसाठीच खांबावर चढले.