डबेवाल्यांची दक्षिणयात्रा

पुण्या-मुंबईच्या माणसाच्या तोंडी ‘थंड हवेचे ठिकाण’ हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की, ‘उबदार हवेचे ठिकाण’ असेही काही असू शकते, हे त्याला मुद्दाम सांगावे लागते. वैशाखवणव्याने जीव नकोसा करणाऱ्या मुलखात महाबळेश्वर आणि माथेरान निर्माण व्हावीत हे स्वाभाविकच; परंतु अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिशिगन, मिनेसोटा आदी राज्यांत, जेथे तळ्यांचे पाणी गोठून त्यावरून माणसे चालतात आणि दारापुढचे बर्फ फावड्याने ओढल्यावाचून सकाळी घराबाहेर पाऊल पडत नाही, तेथील मनुष्य स्वप्न पाहतो ते दक्षिणेचे, आणि त्यातही विशेषेकरून फ्लोरिडाचे. आपण पावसाळ्याची बेगमी करतो ती घरात बसून राहण्यासाठी. हे लोक हिवाळ्याची बेगमी करतात ती घरच चाकांवर घालून निघून जाण्यासाठी. या मोटारघरास तिकडे आर.व्ही. आणि त्यातून दक्षिणेस उतरणाऱ्यांस ‘स्नोबर्ड’, म्हणजे हिमपक्षी, असे म्हणतात.

आरंभी मात्र ही यात्रा केवळ धनिकांची होती. रॉकफेलरचा भागीदार हेन्री फ्लॅग्लर याने १८८८ मध्ये सेंट ऑगस्टीन येथे राजवाड्याच्या तोडीचे हॉटेल उघडले, मग आपला लोहमार्ग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली नेत १८९६ मध्ये मायामीस पोहोचविला, आणि त्या मार्गावर जागोजागी अशी हॉटेले उभारली की, ज्यांच्या दिवाणखान्यात शिरावयास हवापालटाच्या गरजेपेक्षा खिशाची ऐपत अधिक लागे. शेतकरी, सुतार, शाळामास्तर यांनी हिवाळा आपल्या शेगडीपाशीच काढावा, असा तो काळ होता.

ही मिरास मोडली ती फोर्डच्या मोटारीने. १९०८ मध्ये ८५० डॉलरांस मिळणारी ‘मॉडेल टी’ १९२५ पर्यंत ३०० डॉलरांच्या आत आली, आणि तिला धावावयास रस्ता हवा म्हणून कार्ल फिशर नामक इंडियानापोलिसच्या उद्योगपतीने ‘डिक्सी हायवे’ची कल्पना पुढे मांडली. या गृहस्थाच्या लोकसेवेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. फक्त मायामीसमोरच्या दलदलीत भर घालून पाडलेले भूखंड त्याला उत्तरेच्या लोकांना विकावयाचे होते, एवढे ध्यानात असू द्यावे. १९१५ मध्ये चॅटनूगा येथे या कामासाठी संस्था स्थापन झाली. परंतु रस्ता आपल्याच गावावरून जावा म्हणून प्रत्येक परगण्याने असा काही हट्ट धरला की, एका रस्त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन फाटे करून सर्वांचे समाधान करावे लागले. दक्षिणेकडील कित्येक मैलांची खडी फोडली ती पायांत बेड्या घातलेल्या कैद्यांनी, आणि त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. पुढे त्याच वर्णाच्या प्रवाशाला त्याच रस्त्यावर रात्रीच्या मुक्कामास जागा मिळेना, आणि आपणास कोठे थारा मिळेल हे सांगणारे ‘ग्रीन बुक’ १९३६ पासून त्याला जवळ बाळगावे लागले. डिक्सी हायवेच्या इतिहासाचे हे पान उलटून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही.

आता त्या काळच्या तयारीकडे वळू. डेट्रॉइटपासून टाम्पापर्यंत सुमारे १,२०० मैल अंतर. वाटेत एक दमडीही खर्चू नये या निर्धाराने सगळा सरंजाम बांधलेला. मोटारीच्या पायफळीवर लाकडी पेट्या, त्यांत पीठ, बटाटे आणि खारवलेले डुकराचे मांस. मागे कॅनव्हासची राहुटी, कंदील आणि पेट्रोलवर चालणारी चूल. टायर फुटणार हे गृहीत धरून ठिगळांची बेगमी. आणि सर्वांत मुख्य म्हणजे डबे: घेवड्याचे, फळांचे, मांसाचे, दुधाचे. टेनेसीच्या डोंगरात एक गमतीची अडचण येई. ‘मॉडेल टी’ची इंधनाची टाकी बैठकीखाली असून पेट्रोल इंजिनाकडे आपल्याच ओघाने वाहत जाई. त्यामुळे टाकी निम्म्याखाली आली आणि चढ उभा लागला की इंजिन उपाशी पडे. तेव्हा गाडी वळवून, पाठ शिखराकडे करून, घाट उलटा चढावयाचा! कुटुंबासह दक्षिणेस निघालेला गृहस्थ उत्तरेकडे तोंड करून डोंगर चढत आहे, या चित्राचे मला फार दिवस कौतुक वाटत आले आहे. डोंगर संपला की जॉर्जियाची तांबडी माती. पाऊस झाला की तीत चाके रुतत, आणि जवळचा शेतकरी आपली खेचरे जुंपून, योग्य तो मोबदला घेऊन, गाडी बाहेर ओढून काढी.

१९१९ मध्ये टाम्पाच्या डी सोटो उद्यानात तळ देऊन राहिलेल्या अशा लोकांनी एक मंडळ काढले आणि त्याला नाव दिले ‘टिन कॅन टुरिस्ट’. आपण त्यांना डबेवाले म्हणू. मात्र मुंबईचा डबेवाला दुसऱ्याचा डबा पोहोचवितो, हे आपलाच डबा घेऊन हिंडत. गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर डाख देऊन बसविलेला रिकामा डबा हे त्यांचे निशाण. हस्तांदोलनाची खास रीत. आणि परवलीचा शब्द ‘निट नॅक’, म्हणजे ‘टिन कॅन’ उलटे वाचले की होते ते.

फ्लोरिडाच्या व्यापाऱ्यांना या पाहुण्यांचे काय करावे हे उमगेना. एक सदरा आणि वीस डॉलरांची एक नोट घेऊन हे लोक येतात आणि मुक्कामभर दोहोंपैकी एकही बदलत नाहीत, असा विनोद तेथे रूढ झाला. तक्रारीचे खरे मूळ यातच आहे. ज्या गावाचा चरितार्थ पाहुणचारावर चालतो, त्या गावाला शिदोरी बांधून आलेला पाहुणा हा अपमानासारखा वाटतो. १९२४ मध्ये फ्लोरिडाने आपल्या राज्यघटनेतच तरतूद करून प्राप्तीवरील व वारशावरील कर वर्ज्य ठरविले, ते श्रीमंतांनी तेथे येऊन घरे बांधावीत म्हणून. राहुटीवाल्याला असले आमंत्रण कोणी धाडले नाही. तो आला तो आपल्या पायाने, किंबहुना आपल्या चाकाने.

पुढील प्रगती झपाट्याची आहे. डेट्रॉइटचे जंतुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांनी सहलीसाठी राहुटीची गाडी विकत घेतली, भर पावसात ती उभारता उभारता सगळे कुटुंब भिजले, आणि त्या वैतागातून त्यांनी पेटीसारखी बंद गाडी करवून घेतली. तीच १९३० च्या सुमारास कारखान्यातून विक्रीस निघाली. वीस वर्षांत निम्मी अमेरिका चाकांवरच्या घरांत राहील, असे भाकीत रॉजर बॅबसन या अर्थपंडिताने त्या दशकात केले. ते साफ चुकले. परंतु १९५६ च्या कायद्याने महामार्गांचे जाळे विणले गेले आणि १९६६ पासून आयोवातील विनेबेगो कारखाना मोटारघरे तयार करू लागला, तेव्हा पेन्शनर मंडळींचे ताफे दर हिवाळ्यात दक्षिणेस उतरू लागले.

त्यांतील पुष्कळांनी फ्लोरिडा सोडून ॲरिझोनाचे वाळवंट जवळ केले. क्वार्टझाइट गावाबाहेरच्या सरकारी जमिनीवर १९८३ पासून हिवाळी मुक्कामाचे परवाने दिले जातात. मुदत १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. तेथे जागेपाशी नळ नाही, वीज नाही आणि पाहुण्याच्या डब्याकडे पाहून नाक मुरडणारा यजमानही नाही. पाणी आपले आपण वाहून आणावे. येथे येऊन परत न गेलेला एक पाहुणाही आहे: गावाच्या दफनभूमीत एका सीरियन उंटवाल्याची कबर आहे. १८५६ मध्ये अमेरिकन लष्कराने या ओसाड मुलखात सामान वाहण्यासाठी उंट आणविले, त्यांच्याबरोबर हा आला. लष्कराचा प्रयोग फसला, उंट पांगले, पण हा मागेच राहिला आणि १९०२ मध्ये तेथेच वारला. त्याचे नाव हाजी अली. ते मुंबईकराच्या जिभेवर सहज येईल. अमेरिकनांच्या जिभेला न पेलल्याने त्यांनी त्याचे ‘हाय जॉली’ केले. राज्याच्या रस्तेखात्याने त्याच्या कबरीवर दगडी पिरॅमिड बांधला असून त्याच्या टोकावर धातूचा एक लहानसा उंट उभा आहे; आणि एप्रिलचा मध्य उलटून ऊन तापू लागले, मोटारघरांच्या रांगा उत्तरेची वाट धरू लागल्या, की त्या गावात मुक्कामास उरतात ती थोडी कायमची माणसे आणि तो उंट.