परळची दोन रुग्णालये

सर्वांसाठी आरोग्यसेवेचा वाद आपण दिल्लीच्या अहवालांत शोधतो; मला तो परळलाच सापडतो. १९२६ साली महापालिकेचे केईएम उघडले. तिथे उपचाराला नोकरी लागत नाही. १९४६ मध्ये भोर समितीनेही पैशांअभावी कुणी उपचाराविना राहू नये असे म्हटले. दोनच वर्षांनी कामगार विमा कायद्याने मात्र उपचार पगारातल्या वर्गणीशी बांधले. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय याच योजनेतले.

१८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबला, वर्गणी थांबली, मुदत सरताच विम्याचा हक्कही गेला. संपाच्या इतिहासात बोनस येतो, दत्ता सामंत येतात. विम्याचे कार्ड क्वचितच. दवाखाने तर उघडेच होते, मग अरिष्ट कसले, असा प्रश्न त्यामुळेच विचारता येतो. कार्ड गेलेल्याला उरले केईएम.